गाणं रंगात आलं की बंद

४ फेब्रुवारी

चि. खटक्यास,
अ. उ. आ.

आम्ही इकडे मजेत आहोत. एकसष्टाव्या वर्षी खटक्या म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण चार वर्षांचा असताना घरातलं प्रत्येक बटण दिवसातून पन्नासदा खटखट करणाऱ्या भावाला बहिणीने दुसरं काय म्हणावं?

चिमणीचं लग्न सोळा मार्चला ठरल्याचं तुला कळलंच आहे. लग्न घरातच, साठेक माणसांत. लेकीची अट एकच. वाजंत्री नको, भाड्याचे भोंगे नकोत, मामाने स्वतःच्या हाताने जुळवून दिलेल्या रिसीव्हरवरच गाणी लागली पाहिजेत आणि सगळ्यांनी नाचलं पाहिजे.

आता गोची अशी, की तो रिसीव्हर बंद पडतो. रेकॉर्ड लावावी, दोन कडवी छान व्हावीत, गाणं रंगात यावं, आणि कट्! तांबडा दिवा डोळे मिचकावत बसतो. पाच मिनिटांनी पुन्हा चालू केला, की जणू काही झालंच नाही. इथल्या दुरुस्तीवाल्याने पाहिला, लांबूनच, आणि हा टाकून नवा घ्या म्हणाला. तुझे भावोजी मान डोलावणार होते, तेवढ्यात मी सांगितलं, की माझा भाऊ अजून हयात आहे.

तू लग्नाला येणार नाहीस असं वहिनीने कळवलंय. त्याविषयी या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. आधी यंत्राचं बघ.

वहिनीला आणि तुला खूप खूप माया.
तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पहिली शंका ही आली, की रिसीव्हर अगदी ठणठणीत आहे आणि मला तिकडे ओढायला तू हे कुभांड रचलंयस. लहानपणी दूध प्यायला लावण्यासाठी खिडकीत हत्ती आलाय म्हणून सांगायचीस, ते मी विसरलेलो नाही.

न येण्याचं कारण तुला सरळ लिहितो, म्हणजे वहिनीच्या आडून विचारायला नको. गेल्या वर्षी कान पूर्ण गेले. तीस वर्षं ज्यांच्या जोरावर दुकान चालवलं, तेच गेले, म्हणून शटर ओढलं. चार माणसांत बसलो, की काचेच्या पेटीतल्या माशांसारखी सगळ्यांची तोंडं हलताना दिसतात. काय म्हणालात विचारलं, की एकदा ओरडून सांगतात, दुसऱ्यांदा ओरडतात, आणि तिसऱ्यांदा हात उडवून म्हणतात, जाऊ दे. ताई, ते जाऊ दे मला ओठांवरून बरोबर वाचता येतं. साठ माणसांचं जाऊ दे मला झेपणार नाही. चिमणीला माझे आशीर्वाद पोचतीलच.

राहिलं यंत्र. पूर्वी मी नुसता कान लावून सांगायचो कुठे दुखतंय ते. आता विचारावं लागेल. बंद पडताना आत खट्‌ असा आवाज होतो का? हात ठेवून बघ, चटका बसतो की नुसता कोमट लागतो? आवाज मोठा असताना जातो की बारीक असतानाही? आणि त्याच्या डोक्यावर काय काय ठेवलं आहेस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं दे.

भावोजींना नमस्कार. राग धरू नकोस, एवढंच मागणं.
तुझा भाऊ


१४ फेब्रुवारी

चि. खटक्यास,
अ. उ. आ.

कुभांड? मी? सोबत पुरावा जोडला आहे. तुझे भावोजी चाळीस वर्षं जमिनी मोजत होते, त्यांना कागदावर रेघा मारायला निमित्तच हवं असतं. त्यांनी चार दिवसांचा तक्ता केलाय. कोणतं गाणं, किती मिनिटं, कोणत्या कडव्यात बंद. बंद पडताना खट्‌ वाजतं. आवाज मोठा असो की बारीक, त्याला फरक पडत नाही. झाकण गरम लागतं, पण हात ठेवता येतो.

डोक्यावर काय होतं तेही सांगते. मी विणलेलं झाकण, त्यावर कुंडी, त्यावर... नाही, कुंडीवर काही नव्हतं. शेजारी फोटोंचे तीन जाड आल्बम होते. तुझा चेहरा मला इथून दिसतोय. सगळं काढलं, कपाटाची काचेची दारंसुद्धा उघडी ठेवली.

आणि ऐक! काल दुपारी दोनपासून सहापर्यंत अखंड वाजला. शेजारची शिवणवाली आली होती, आम्ही दोघी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत नाचलो. तिच्या गळ्यातली मोजपट्टी माझ्या गळ्यात कधी आली ते कळलंच नाही. जिंकलास, बाबा!

ता. क. १५ फेब्रुवारी. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी सातव्या मिनिटाला बंद. झाकण नाही, कुंडी नाही, आणि तरी. मी हात टेकले. तू टेकू नकोस.

तुझी वाट बघणारी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तक्ता भिंतीवर चिकटवला आहे. भावोजींना सांग, असा कारकून मला दुकानात मिळाला असता तर मी कधीच शटर ओढलं नसतं.

एक गोष्ट लक्षात घे. यंत्र आजारी नाही, शहाणं आहे. बाहेर कुठेतरी धोका दिसला, की आतलं सगळं जळू नये म्हणून ते स्वतःच झोपी जातं. तेव्हा त्याला कोणाची भीती वाटते, तो माणूस शोधायचा.

आता असं करा. वायरी काढायच्या-घालायच्या त्या यंत्राचा प्लग भिंतीतून काढूनच. आधी दोन्ही स्पीकरच्या वायरी मागून सोडवा आणि यंत्र तसंच मुकं तीन तास चालू ठेवा. मग फक्त डावा स्पीकर जोडा. मग फक्त उजवा. प्रत्येक वेळी काय होतं ते लिहा. आणि तेराच्या दुपारची सगळी हकिगत मला हवी. चार तास चालला ना? मग त्या दुपारी काहीतरी निराळं होतं. घरात कोण होतं, कोण नव्हतं, कोण कुठे बसलं, खिडकी उघडी होती का. क्षुल्लक वाटेल तेच आधी लिही.

हिने आत्ता पाटीवर लिहून दाखवलं, की जेवताना मी मोठमोठ्याने स्वतःशीच बोलतोय आणि शेजारी खिडक्या उघडून बघताहेत. बघू देत. बऱ्याच दिवसांनी डोक्याला खाद्य मिळालंय.

उत्तर लवकर धाड, एवढी कृपा कर.
तुझा भाऊ


२६ फेब्रुवारी

चि. खटक्यास,
अ. उ. आ.

हुकमाप्रमाणे सगळं केलं. वायरी सोडवून तीन तास मुका ठेवला, एकदाही झोपला नाही. डावा एकटा जोडला, पूर्ण रेकॉर्ड वाजली. उजवा एकटा जोडला, पाचव्या मिनिटाला खट्‌. चिमणी ओरडली, की चोर सापडला, उजवा स्पीकर फेकून द्या. मी म्हटलं, मामाचं पत्र येईपर्यंत कोणी काही फेकायचं नाही.

तेराच्या दुपारी मी आणि शिवणवाली दोघीच होतो. खिडक्या बंद होत्या. चिमणी कामावर. हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, तिथे बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातलं, म्हणून सहा वाजून गेल्यावर रिक्षाने आले आणि मला शेजारीण समजून नमस्कार केला. एरवी ते घरातच असतात, उजव्या स्पीकरजवळच्या डोलखुर्चीत. हातात पेन, मांडीवर वही. गाणं आवडलं, की डोलायला लागतात. मिनिटं मोजायची म्हणून हल्ली तर तिथून हलतच नाहीत.

यातून तुला काय कळणार, देव जाणे. वहिनीला म्हणावं, तिने पाटीवर लिहिलेली खिडक्यांची गोष्ट वाचून आम्ही पोट धरून हसलो.

तुझी ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींना दंडाला धरून खुर्चीतून उठव. सापडलं!

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि डोलायला लागतात या शब्दांवर आलो तेव्हा इतका मोठ्याने ओरडलो म्हणे, की हिच्या हातातली बशी खाली पडली. गाणं रंगात आलं की यंत्र बंद पडतं, कारण गाणं रंगात आलं की भावोजी डोलतात! उजव्या स्पीकरची वायर मीच त्याच्याजवळच्या गालिच्याखालून नेली होती. तेव्हा तिथे डोलखुर्ची नव्हती. खुर्चीच्या वाकड्या पायाखाली रगडून वायरीचं वरचं आवरण फाटलं असणार, आणि पाय दाबला, की आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटतात. यंत्राला धोका दिसतो तो तोच. ते घरी नव्हते त्या दुपारी चार तास वाजलं, यात नवल काय!

यंत्राचा प्लग काढा, गालिचा उचला. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावून भागवू नका. नवी वायर आणा, भिंतीच्या कडेने न्या. स्पीकर निर्दोष आहे, चिमणीला त्याची माफी मागायला सांग.

ताई, या सगळ्यात मी एक सूरही ऐकला नाही. एका दिवसाच्या प्रवासाइतक्या लांबून, नुसत्या तुझ्या अक्षरावरून दोष सापडला. खुर्चीत बसलो आणि मला काय झालं कोण जाणे, डोळे भरून आले. आनंदाने, घाबरू नकोस.

झालं का ते कळव.
तुझा भाऊ


८ मार्च

चि. खटक्यास,
अ. उ. आ.

झालं! गालिचा उचलला. बरोबर खुर्चीच्या पायाखाली बोटभर वायर उघडी पडली होती, तांबं चकचकत होतं. आम्ही सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे वहीकडे बघत राहिले. मग अतिशय गंभीरपणे तक्त्याच्या शेवटी लिहिलं: कारण, स्वतः मोजणारा. जावयाला हे सांगू नका अशी गयावया केली. संध्याकाळच्या आत जावयाला कळलं होतं.

चिमणीने नवी वायर भिंतीच्या कडेने नेली, आणि तीन दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गाणी चालू आहेत. हे पाहिजे तसे डोलताहेत.

आता पहिल्या पत्रातला शब्द मोडते. लग्नाला ये. चिमणी म्हणतेय असं समज, कारण म्हणतेय तीच. ती म्हणते, लग्नाच्या दिवशी यंत्र सांभाळायला माणूस हवा, काचेमागच्या, आवाजाबरोबर हलणाऱ्या दोन सुया बघून आवाज कमी-जास्त करणारा, आणि त्याला कान लागत नाहीत, डोळे लागतात. तिने प्रत्येक टेबलावर वही आणि पेन ठेवायचं ठरवलंय. आणि सगळ्या पाहुण्यांना लिहून कळवलंय, की मामाला जाऊ दे म्हणणाऱ्याला जेवण मिळणार नाही. व्याह्यांनासुद्धा कळवलंय. मला लाजेने मेल्यासारखं झालं, पण त्यांनी आनंदाने होकार दिला.

तुझं ताट मांडलं आहे.
तुझी ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. हिचे पाय अजून ठणकताहेत, पण तोंड थांबलेलं नाही. निम्मं पाटीवर लिहिते, निम्मं मी समजून घेतो.

पोरीने घातलेल्या त्या दंडाने काय चमत्कार केला म्हणून सांगू! एकाने वहीत विनोद लिहिला, मी हसलो, तर त्याने तो सांगायला चार जणांना ओढून आणलं. माझ्या बॅगेत सात भरलेल्या वह्या आहेत.

पण मला जन्मभर आठवतील त्या नवऱ्यामुलाच्या आजी. त्यांचे कान चाळीस वर्षांपूर्वीच गेलेत, हे तुम्ही मला मुद्दामच सांगितलं नव्हतंत ना? माझ्याशेजारी येऊन बसल्या, माझं ओशाळलेलं तोंड पाहिलं, आणि वहीत लिहिलं, की ओठांकडे काय टक लावून बसलास, माणसाच्या डोळ्यांकडे बघ, ओठ आपोआप कळतील. मग माझा तळहात उचलून स्पीकरच्या लाकडावर ठेवला. ताई, तीस वर्षं मी त्या पेट्या उघडल्या-मिटल्या, पण गाणं असं हाताला कधी लागलं नव्हतं. मांजर गुरगुरावं तसं. पुढे त्यांनी मला उठवलंच. लाकडी जमिनीतून ताल तळव्यांपर्यंत येत होता. ऐंशी वर्षांच्या बाईपुढे मी दमलो. गाणं मात्र फार लांबलचक होतं, संपेचना. तुमच्याकडे अशी लांब गाणी असतात हे ठाऊक नव्हतं.

काल दुकानाचं शटर वर केलं. गंज काढायला सकाळ गेली. आजींनी त्यांचा मिक्सर पाठवायचं कबूल केलं आहे, सोबत तक्रारीचं पत्र.

चिमणीला आणि जावयांना आशीर्वाद. तुझी माया आहे, ती तशीच राहू दे.
तुझा भाऊ


२६ मार्च

चि. खटक्यास,
अ. उ. आ.

शटर उघडल्याचं वाचून ह्यांनी ते पत्र मला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली पाहिजे. आमच्याकडे लांब गाणी नसतात रे. ते गाणं चार मिनिटांचं. ते संपलं. खोली शांत झाली. आम्ही सगळे थांबलो. तू आणि आजी तेवढे नाचतच होतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, ताल न चुकता. चिमणी साडी सावरत धावली आणि सुई पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली, तशी साठ माणसं पुन्हा नाचायला लागली. ते संपलं, तिने पुन्हा ठेवली. असं चार वेळा. तुम्ही दोघं दमून बसेपर्यंत त्या घरात दुसरं गाणं लागलंच नाही.

आजींना सांगू नकोस. किंवा सांग, मिक्सर आला की.

तुझीच,
ताई