मागितलंच नव्हतं

प्रिय भार्गवी,

छत्री इथे विसरलीस, चष्म्याची डबी इथे विसरलीस, आणि आता मैत्रीणही. दोन महिने मुलीकडे पालक्काडला जाऊन बसलीयस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुला वाचता येतं, तेव्हा तूच वाच, जावयाच्या हाती देऊ नकोस. मला लिहून घ्यायला सूनच मिळाली. म्हणजे सिंधूच्या हाती आता जन्मभराचं हत्यार! हसतेय बघ, पण लिहितेय.

काजूच्या कारखान्यात तुझ्या जागेवर अजून कोणी बसत नाही. ओणमच्या आधी मजुरी वाढवून मागायचं ठरलं, तेव्हा “कार्त्यायनीताई, तूच जा, तुझी जीभ म्हणजे कोयता,” म्हणत तूच मला मालकाच्या खोलीत ढकललंस. आत गेले, तर तो उठून उभा राहिला. “बसा अम्मा,” म्हणाला. त्याच्या बापाच्या वेळेपासून एकतीस वर्षं जमिनीवर बसून काजू फोडले, खुर्ची कुणी दिली नव्हती. बसले. त्यानं कॉफी मागवली, नातवंडांची नावं विचारली. टरफलांच्या तेलानं काळे झालेले हात मांडीवर लपवून मी नव्या नवरीसारखी उत्तरं देत राहिले. कॉफी संपली, ओणम सुखाचा जावो म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर तुम्ही चाळीसजणी. तोंडातून निघून गेलं, “नाही म्हणाला.”

दुसऱ्या दिवशी तू फाटकात त्याची गाडी अडवलीस. “मी कधी नाही म्हटलं?” तो विचारत होता आणि तू त्याला खोटारडा म्हणत होतीस. तो खरं बोलत होता, भार्गवी. मी तुझ्या मागेच उभी होते. तुला कामावरून काढलं, तेव्हाही गप्पच.

काल जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना खरं सांगून टाकलं. ओमना भरल्या डब्यावरून उठून गेली. बाकीच्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी राधामणी म्हणाली, पुढच्या सोमवारी सगळ्याजणींनी मालकाकडे जायचं. आधी भार्गवीला परत घ्या, मग मजुरीचं बोलू. सगळ्यांच्या आधी मी माझं खोटं त्याला सांगणार, आणि मजुरीचं तू बोलायचं. त्यांच्यासाठी ये ग. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. त्याआधी शनिवारच्या बसवाल्याच्या हाती डबा पाठव, म्हणजे मला कळेल. राग थोडा उतरला असेल तर फणसाचे तळलेले गरे पाठव. नसेल उतरला, तर कारल्याचं लोणचं पाठव. तेही खाईन.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
कार्त्यायनी