कंपनी तुमचीच आहे

पालो आल्टो, कॅलिफोर्निया

तूरानताई,

दुरूनच तुझे हात कपाळाला लावतो. तुझा पेमान खुशाल आहे, नीट जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

त्यानं स्वतःची छोटी कंपनी काढून बनवलेलं सॉफ्टवेअर आमच्या गुंतवणूक कंपनीत सगळ्यांना आवडलं. माझा भागीदार वॉल्टर म्हणाला, "पैसे देतो. हिस्सा किती देणार?"

पेमाननं छातीवर हात ठेवला. "कंपनी तुमचीच आहे. तुमच्यापुढे तिची काय किंमत!"

आपल्या इराणात, यज्दचा टॅक्सीवालासुद्धा भाडं घेताना 'राहू द्या' म्हणतो, आणि आपण ते बळंच त्याच्या हातात कोंबतो. वॉल्टरला हे काय ठाऊक! त्यानं मला विचारलं, "खरंच म्हणतोय का हा?"

मी म्हटलं, "आमच्याकडची माणसं शब्दाची पक्की असतात."

कंपनी आमच्या नावे करायच्या कागदावर सही करताना तुझा लेक माझ्याकडे बघून हसत होता. मामा आता 'छे छे, असं कसं' म्हणेल, याची वाट बघत होता. मीही हसलो. आता कंपनी आमची, आणि तो तिथेच पगारावर आहे.

रागावू नकोस. मी इथे नवा होतो, तेव्हा एका घरी जेवायला एकदाच 'नको' म्हणालो, तर त्यांनी ताट उचलून नेलं. उपाशी झोपलो. माझा धंदा त्या रात्री सुरू झाला. त्याचाही होईल.

बाकी, तू लिहिलंयस, "यज्दचं घर तुझंच आहे रे." असं लिहीत जाऊ नकोस, ताई. मी आता खरं धरतो.

तुझ्या पायाची धूळ,
हूशंग