शेवटच्या शेताची पाळी

अंथुर्णे, ३ नोव्हेंबर १९३४

काय अडाणी रीत! कालव्याच्या आमच्या चारीवर बारा शेतं. कुणी कधी पाणी घ्यायचं, हे ठरवते ठमाबाई. का? तर तिचं वांग्याचं रान सगळ्यांत शेवटी! बारामतीहून सहकाराचं पुस्तक आणलंय. तीनदा वाचलं. सभा, मतदान, अध्यक्ष — सगळं आहे त्यात. हे आपल्याकडं झालंच पाहिजे. कधी एकदा होतंय असं झालंय.

११ नोव्हेंबर

देवळात सभा भरवली. मीच! ठरावही मीच लिहिला: पाण्याची पाळी यापुढं अध्यक्ष लावणार. आमचे आबा अध्यक्ष झाले, अकरा मतांनी. आबांनी स्वतःसाठीही हात वर केला. ठमाबाईनं केला नाही. जाताना म्हणाली, "संभाजी, शेवटचा मानूस पाळी लावतो, तवा पानी शेवटपतूर येतं बाबा." मी तिला पुस्तक उघडून दाखवलं. तिला वाचता येत नाही हे माहीत असून.

४ डिसेंबर

दोन पाळ्या झाल्या. आमचं शेत चारीच्या तोंडाशी, ऊस हिरवागार. ठमाबाईकडं थेंब नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, "ठराव तूच ल्हिलास न्हवं?"

९ डिसेंबर

चैन नाही. पुस्तक उघडतो, मिटतो.

२३ डिसेंबर

वांगी गेली. बघून आलो. पानाला हात लावला की चुरा. ठमाबाई बांधावर बसून होती. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता कळतंय. वरच्या सगळ्यांचं भिजल्याशिवाय तिला पाणी नाही — म्हणून तीच गाळ काढायची, पाट फुटला की तीच भगदाड बुजवायची, कुणाला जास्त वेळ घेऊ द्यायची नाही. हे पुस्तकात कुठंच नाही. गाढव मी!

६ जानेवारी १९३५, रविवार

पुन्हा सभा. ठराव मांडला: पाळी पूर्वीसारखी शेवटच्या शेताच्या मालकाकडं. वाटलं, आबा भडकणार. तर पहिला हात आबांचा! मग सगळ्यांचेच. डोळे भरून आले माझे. किती वाईट समजत होतो मी आबांना! ठमाबाई तेवढी आली नव्हती. उद्या जाऊन सांगतो.

७ जानेवारी

ठमाबाई गाडीत भांडी चढवत होती. लोणी भापकरला भावाकडं निघाली. म्हणाली, "उशीर केलास. शुक्रवारीच इकलं रान. तुज्या आबांनीच घेतलं की."