घाटकोपरच्या काकींचा फॉर्म

बाबा, गेल्या महिन्यात एका शनिवारी मी घाटकोपरच्या काकींकडे गेले होते. तुमच्या सगळ्या पॉलिसीवाल्यांमध्ये मला सगळ्यात नकोसं घर तेच, हे तुम्हाला कधी कळलं नसेल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी पंचेचाळीशी ओलांडली, अंधेरीला एका ब्रोकरच्या ऑफिसात बसून लोकांना आरोग्य विमा काढून देते, दिवसभर तुमचंच काम करते म्हणा ना, आणि तरी त्यांचा जिना चढताना माझं तोंड वाकडं होतं. तुमच्यावर रागावायची सोय उरली नाही, म्हणून मी त्यांच्यावर रागावते.

पहिल्यांदा त्या घरी नेलंत तेव्हा मी बारा वर्षांची होते. मे महिना, आई मामाकडे गेलेली, मला एकटीला घरी ठेवायचं नाही म्हणून तुम्ही बरोबर घेतलंत. काका पंखा लावायला उठतात, काकी "बसा हो भाऊजी" म्हणतात, आणि तुम्ही मात्र "जरा पाणी द्या" करत थेट स्वयंपाकघरात. ओट्याजवळच्या स्टुलावर बसता, फ्रीजवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा हक्काने खाली घेता. त्यात घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या. एकेक पाकीट उलटं करून नाव वाचता आणि फॉर्ममध्ये लिहिता. "एवढं सगळं लिहिलंत तर कंपनी पॉलिसी देईल काय?" काकी घाबरून विचारतात. तुम्ही मान वर न करता म्हणता, "नाही लिहिलं तर लगेच देईल. क्लेमच्या वेळी मात्र हात वर करेल." परतताना मला सांगितलंत, की हॉलमध्ये लोक पाहुण्यांशी बोलतात, आजार बघायचे तर स्वयंपाकघरात जावं लागतं. हे वाक्य मी आज ऑफिसातल्या नव्या मुलींना माझं म्हणून ऐकवते.

पण मला त्या दिवसातलं जास्त आठवतं ते त्यांच्या मुलीचं. माझ्याच वयाची. तिला दमा होता. तुम्ही तिला जवळ बोलावलंत आणि विचारत राहिलात. जिना चढताना थांबावं लागतं का गं? झोपेत घुसमटतेस का? शाळेत खेळायला घेतात की नाही? ती तुमच्या गुडघ्याला टेकून एकेक उत्तर देत होती आणि मी हातात पाण्याचा पेला घेऊन दारात उभी. इतके प्रश्न तुम्ही कुणाला विचारू शकता हेच मला ठाऊक नव्हतं. घरी तुमचे प्रश्न दोनच असायचे, आई कुठेय आणि पेपर कुठेय.

आपल्या घराचा फॉर्म तुम्ही त्याच महिन्यात भरलात, जेवता जेवता, टीव्हीवरच्या बातम्या बघत. माझ्या नावापुढे पाच मिनिटांत नाही, नाही, नाही. तेव्हा मला अर्धशिशी सुरू झाली होती. महिन्यातले दोन दिवस मी डोक्याला ओढणी घट्ट बांधून, खिडकी लावून पडून असायचे. मी म्हटलं, "मलापण विचारा ना." तुम्ही म्हणालात, "तुला काय धाड भरलीय? मध्ये मध्ये करू नकोस."  मला त्या मुलीच्या दम्याचा हेवा वाटला, बाबा. खरंच सांगते, मी देवाकडे दमा मागितला होता.

तर तो शनिवार. काकींची पॉलिसी बंद पडून वर्ष झालं. काका गेले, कंपनीचे सगळे निरोप त्यांच्या मोबाइलवर येत राहिले, तो मोबाइल कपाटात. मुलगी लग्न होऊन दूर, मुलाला वाटलं आई भरत असेल, आईला वाटलं मुलगा. आता अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा नव्याने काढायची. माझा नंबर त्यांनी कुठूनतरी शोधून काढला. दार उघडल्याबरोबर सुरू झाल्या, "ये गो, ये! अगदी बाबांसारखी दिसतेस. भाऊजी असते ना, तर एक दिवससुद्धा उशीर झाला नसता." पुढचा अर्धा तास तेच. भाऊजींनी मुलीच्या दम्याच्या वेळी हॉस्पिटलात चार खेपा घातल्या. भाऊजी दर वर्षी न बोलावता यायचे. "चहात साखर घ्यायला लागले की माझं मनगट धरायचे तुझे बाबा! म्हणायचे, मला क्लेम नकोय, तुम्ही हव्यात."

आम्हाला असं काही कधी म्हणाला नाहीत तुम्ही.

मी सोफ्यावर बसून टॅब उघडला. स्वयंपाकघराचं दार समोर उघडंच होतं. मी उठले नाही. मधुमेह? "नाही गो." रक्तदाब? "छे, काही नाही." हृदयाचं काही? "देवाच्या दयेने ठणठणीत." मनगट धरल्याचं मी नुकतंच ऐकलं होतं. ही बाई खोटं बोलतेय आणि उद्या ॲडमिट झाली की कंपनी याच उत्तरांवर बोट ठेवून क्लेम नाकारणार, हे मला लख्ख कळत होतं. मी सगळीकडे नाही लावलं, त्यांच्याकडून ओटीपी घेतला आणि फॉर्म पाठवला. वर म्हणाले, "झालं काकी, किती सोपं!" तुमच्या लाडक्या घराचा फॉर्म मी भरला, तुम्ही आपल्या घराचा भरला होतात तसाच. रिक्षात बसेपर्यंत मला बरं वाटत होतं.

रविवारी दुपारी मी परत गेले. सोमवारी पॉलिसी निघाली असती, त्याआधी दुरुस्ती करता येत होती. या वेळी काही न बोलता आत गेले आणि गोळ्या मागितल्या. प्लास्टिकची पिशवी निघाली. साखरेच्या दोन, रक्तदाबाची एक, कोलेस्टेरॉलची एक. काकी ओशाळल्या. "पोरगा म्हणाला सांगू नको, या वयात कोण पॉलिसी देणार. आणि तू बाहेर बसून कंपनीच्या माणसासारखं विचारलंस, मीपण तसंच सांगितलं." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण तुला काल कळलं नव्हतं होय?" मी म्हटलं, काल जरा घाई होती.

सगळं खरं लिहिलं. तपासण्या झाल्या. हप्ता बराच वाढला, मधुमेहातून येणाऱ्या दुखण्यांना सुरुवातीची काही वर्षं पैसे मिळणार नाहीत, पण कंपनीने नकार दिला नाही. काल पॉलिसीचा कागद हातात पडल्यावर काकींचा फोन आला. रडत होत्या. म्हणाल्या, माझ्यासाठी तू सुट्टीच्या दिवशी धावत आलीस, बापाचं काळीज घेतलंयस.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळायला नको आहे. मी त्यांच्यासाठी गेले नव्हते, बाबा. त्या हॉस्पिटलात पडतील, क्लेम नाकारला जाईल, आणि त्या खाटेवरून म्हणतील, "भाऊजी असते तर!" तेवढं एक वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.