उद्याशेठची आवराआवर

ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. एक गंमत सांगतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणणारा तुझा उद्याशेठ सुधारला! दुकानातले सगळे कपडे शिवून ज्याचे त्याला पोचते केले, उरलेल्या चिंध्यासुद्धा परत दिल्या. वकीलसाहेबांना दोन वर्षं रखडलेला कोट मिळाला, तर म्हणाले, आज सूर्य पश्चिमेकडून उगवला वाटतं. मशीन शेजारच्या कुलूपवाल्याला देऊन टाकलं. सुईत दोरा ओवता येत नाही, आणि ही गेल्यापासून ओवून देणारंही कोणी नाही. आता मात्र फार हलकं वाटतंय. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल.

आजवर लोभ केलास, पुष्कळ झालं.
तुझा धाकटा

ता. ६ फेब्रुवारी

चि. उद्याशेठ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. ह्यांचा लग्नातला कोट तू थोरली रांगायला लागल्यावर दिलास. असा माणूस दुकान रिकामं करून हलकं वाटतंय म्हणतो, तेव्हा मला भीती वाटते. आडवळणाने विचारत नाही. जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या? असेल तर हो म्हण. मी रडेन, पण ऐकेन.

कुलूपवाल्याला फोन केलाय, तो आत्ताच तुझ्याकडे येतोय. माझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून हे पत्र घेऊन थोरली निघाली आहे. तिच्याबरोबर कापड पाठवते. ह्यांना कोट हवाय. घाई नाही.

तुझी ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलंस ते खरं होतं. दिवसही ठरला होता. कोणी सरळ विचारेल असं वाटलं नव्हतं, म्हणून थोरलीसमोर तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग हो म्हणालो.

कुलूपवाला मशीन परत घेऊनच दारात उभा राहिला. म्हणे, ठेवायला जागा नाही. थोरलीने डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांची डबी त्याच्याकडे कुलपात असते, रोजची तेवढी तो हातावर ठेवतो. बरा झालो असं खोटं लिहीत नाही. सकाळी उठणं अजून जड जातं, आणि परवा तर पुन्हा तोच विचार आला. तेव्हा त्याचं दार वाजवलं.

भावोजींचा कोट बेतायला घेतलाय. थोरली दोरा ओवून देते. कधी होईल ते विचारू नकोस. उद्या देतो.

लोभ असू दे, अजून लागेल.
तुझा उद्याशेठ