जड सामान मागं

प्रिय आर्डिथताई,

घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. घर विकून घेतलेला राहायचा ट्रेलर मात्र काल वायोमिंगच्या हमरस्त्यावर उलटला.

वर्लिन भेटेल त्याला सांगतोय, "वाऱ्यानं घात केला." निघताना मी म्हटलं होतं, "अरे, ती जड अवजारं पुढं ठेव. मागं भरलीस तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलेल नि उलटेल."

"तीस वर्षं ट्रक चालवलाय मी. नवऱ्याला शिकवू नकोस!" म्हणाला, आणि सगळी मागंच कोंबली.

आईच्या बशा मी मांडीवर घेतल्या होत्या. एकही फुटली नाही.

तुझा गुडघा कसा आहे? मागची खोली अजून रिकामी आहे का? माझ्या एकटीपुरतंच विचारतेय.

तुझी धाकटी,
लोर्ना