पोस्टमनकाका बोलता बोलता गप्प झाले

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय ते घाईघाईत लिहितेय म्हणून.

रविवारी आमच्या सायकल क्लबबरोबर शेतांमधल्या रस्त्याने फिरायला गेले होते. शेजारी निवृत्त पोस्टमनकाका होते, नातीचा किस्सा सांगत. अर्ध्या वाक्यात गप्प झाले आणि सायकलसकट चरात कोसळले. मी हसलेच गं, वाटलं गंमत करतायत! जवळ गेले तर श्वासच नाही.

क्लबातल्या दातांच्या डॉक्टरबाई धावत आल्या. "छाती दाब, थांबू नकोस!" अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीने दाबत राहिलो. काका वाचले.

दवाखान्यात काकू रडत म्हणाल्या, "महिनाभर छातीत जळजळतंय म्हणत होते. मी आपली पित्ताची गोळी देत राहिले."

ते ऐकलं आणि मला बाबाच आठवले. परवा फोनवर बाबाही जळजळीबद्दलच कुरकुरत होते ना? पत्र मिळताच त्यांना डॉक्टरकडे ने. 'पित्तच आहे' म्हणतील, ऐकू नकोस. भांडण झालं तर होऊ दे, पण ने.

तुझी घाबरलेली,
धाकटी